पाळणाघराच्या ताटात भाजी: नव्याने काम सुरू करणाऱ्यांसाठी

पाळणाघर नव्यानं काढलेल्या किंवा तिथं नुकत्याच कामाला लागलेल्या ताईला पहिल्याच आठवड्यात एक प्रश्न हमखास येतो: "आमचा भाजीला हात लावत नाही हो, तुमच्याकडे खाईल का?" आणि ताई उत्साहात "हो हो, आम्ही शिकवू ना" म्हणून मोकळी होते. असा शब्द देऊ नका. काय शिजवायचं, किती वाजता वाढायचं, कुठे आणि कोणाच्या शेजारी बसवायचं हे सगळं तुमच्या हातात आहे. तोंड उघडायचं की नाही आणि किती घास घ्यायचे हे मुलाच्या हातात आहे. या लेखातली प्रत्येक गोष्ट या वाटणीवर उभी आहे, आणि पाळणाघरातली बहुतेक रडारड ही वाटणी मोडल्यानं होते.

आधी मुलाची बाजू समजून घ्या. साधारण दीड-दोन वर्षांचं होईपर्यंत जे मूल समोर येईल ते तोंडात घालतं, तेच नंतर अचानक वांग्याकडे संशयानं बघायला लागतं. नव्या पदार्थाला नकार देण्याची ही वृत्ती दोन ते सहा या वयात सगळ्यात जोरात असते. यात हट्ट नाही, आईचं लाडावणंही नाही, ही वाढीतली एक पायरी आहे. शिवाय गोड चव मुलाला जन्मापासून आवडते आणि कडू चव मोठ्यांपेक्षा जास्त बोचते. मेथी आपल्याला किंचित कडसर लागते, तीन वर्षांच्या पोराला ती चांगलीच कडू लागू शकते.

प्रवेशाच्या दिवशी काय विचाराल

फॉर्मवर नाव, पत्ता, रक्तगट असतो. त्याखाली खाण्याची चार ओळींची जागा करा. घरी कोणत्या भाज्या शिजतात, मूल त्यातल्या कोणत्या खातं, कशाची ॲलर्जी आहे का, जेवताना मोबाइल लागतो का. शेवटचा प्रश्न मुलांच्या आया थोड्या ओशाळून टाळतात, म्हणून तो हसत हसतच विचारा. मोबाइल लावून जेवणाऱ्या मुलाला आपण काय गिळतोय याचा पत्ताच नसतो. अशा मुलाचं तुमच्याकडे पहिले काही दिवस जेवण कमी होणार, हे आईला आधीच सांगून ठेवलेलं बरं.

घरात भाजीला काय म्हणतात तेही लिहून घ्या. आपल्या नागपुरात एकाच्या घरी कोहळं, दुसऱ्याच्या घरी लाल भोपळा, तिसऱ्याच्या घरी कद्दू. मूल ओळखीच्या नावाकडे लवकर वळतं.

जेवण तुमच्याकडे शिजतं की डबे येतात, यावर पुढचं बरंच ठरतं. डबे येत असतील तर पहिल्या दिवसापासून नियम ठेवा: चिप्स, क्रीमचं बिस्कीट, नूडल्स डब्यात नको. एका मुलाच्या डब्यात चिप्स निघाले की बाकी सगळ्यांच्या डब्यातली दोडक्याची भाजी त्या दिवशी संपली असं समजा. सगळ्या घरांना रोज भाजी जमत नाही, हे मान्य करून तुमच्याकडून एक वाटी भाजी सगळ्यांसाठी सामायिक ठेवा. खर्च फार होत नाही आणि सगळ्यांच्या ताटात एकच गोष्ट येते, जिचा फायदा पुढे सांगते.

भूक असू द्या

हा मुद्दा मी सगळ्यांत वर ठेवते, कारण इथंच निम्मं काम होतं. सकाळी घरून दूध-बिस्कीट खाऊन आलेलं मूल, दहाला पुन्हा बिस्कीट, अकराला कोणाच्या तरी वाढदिवसाचं चॉकलेट, आणि साडेबाराला आपण म्हणतो, हा जेवत का नाही! दोन खाण्यांमध्ये दोन ते अडीच तासांचं अंतर ठेवा. मध्ये फक्त पाणी. मधल्या वेळचा खाऊ म्हणजे फळ, मुरमुरे, उकडलेलं रताळं असा असू द्या. दूध चांगलंच, पण दिवसाला अर्ध्या लिटरच्या फार वर गेलं तर पोट दुधानंच भरतं आणि लोह कमी पडण्याची भीती वाढते.

आता एक छोटी युक्ती. वरण-भाताची ताटं वाढेपर्यंत मुलं मांडी घालून बसलेली असतात, चुळबुळ करतात, ताट वाजवतात. त्या पाच-सात मिनिटांत फक्त भाजीची वाटी पुढे ठेवा. वाफवलेल्या गाजराच्या काड्या, काकडी, उकडलेल्या बिटाच्या फोडी. बाकी काही नाही. भूक लागलेली असते, समोर दुसरा पर्याय नसतो आणि कोणी "खा" म्हणत नसतं. भात ताटात आला की भाजीला भाताशी स्पर्धा करावी लागते, आणि भात जिंकतो.

कुठून सुरुवात करायची

गोडसर भाज्यांपासून. कोहळं, गाजर, बीट, मटार, रताळं. कोहळं बारा महिने मिळतं, मऊ शिजतं, दातांना त्रास देत नाही, आणि आपल्याकडे पितृपक्षात प्रत्येक घरी होतंच, त्यामुळे मुलानं ते कुठं तरी पाहिलेलं असतं. (कोहळ्याचे बोंड मात्र भाजीत मोजू नका. गूळ घालून तेलात तळलेली ती मिठाईच आहे, कितीही गोड कारण सांगितलं तरी.)

मग पालेभाजी. ती सुकी करून वाढली तर लहान मुलाच्या तोंडात दोरे होतात, गिळता येत नाहीत, आणि मूल बाहेर काढतं. आपण समजतो, चव आवडली नाही. खरं तर अडचण चवीपेक्षा पोताची असते. यावर विदर्भाकडे घरचाच उपाय आहे: डाळभाजी. पालक बारीक चिरून डाळीसोबत मऊ शिजवायचा, घोटायचा, वरून लसणाची फोडणी. लग्नाच्या पंगतीतल्या डाळभाजीत अख्खे शेंगदाणे असतात, ते पाळणाघरात नको, कूट घाला. भातावर ओतलेली डाळभाजी खाणारं मूल काही महिन्यांनी पालकाच्या पातळ भाजीकडे सहज जातं. वाढताना वरून लिंबू पिळा. पालकातलं लोह शरीराला सहजासहजी मिळत नाही, लिंबाच्या क सत्त्वानं ते जास्त शोषलं जातं. संत्र्याच्या दिवसांत जेवणासोबत दोन फोडी संत्र्याच्या दिल्या तरी तेच काम होतं, बिया तेवढ्या काढून. आणि गाजर, कोहळं, पालक यांतलं जे सत्त्व शरीरात जाऊन अ जीवनसत्त्व बनतं, त्याला थोडं तेल-तूप लागतं. चमचाभर तुपाची काटकसर करू नका.

त्यानंतर फुलकोबी, दोडकं, लौकी, ढेमसं, वालाच्या शेंगा, भेंडी. कारलं सगळ्यात शेवटी, आणि नाही खाल्लं तरी काही बिघडत नाही.

एका वेळी एकच नवी भाजी. तिच्या शेजारी मुलाला आवडणारं काहीतरी नक्की हवं, म्हणजे ताट परकं वाटत नाही. प्रमाण अगदी छोटं: वयाच्या एका वर्षाला एक चमचा, म्हणजे तीन वर्षांच्या मुलाला तीन चमचे. आवडली तर तो मागतो. ढीग पाहूनच मुलं घाबरतात. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०११ च्या मार्गदर्शिकेत एक ते तीन वर्षांच्या मुलासाठी दिवसाला साधारण ५० ग्रॅम पालेभाजी आणि ५० ग्रॅम इतर भाज्या सांगितल्या आहेत. हा आकडा दिवसभराचा आहे, घर आणि पाळणाघर मिळून, आणि कच्च्या भाजीचा आहे. एवढं सगळं दुपारच्या एकाच ताटात बसवायचा प्रयत्न करू नका.

पुन्हा वाढा, परत वाढा

एखादी भाजी मुलाला आपली वाटायला ती आठ-दहा वेळा, कधी पंधरा वेळा समोर यावी लागते. आपण मात्र दोनदा-तीनदा वाढतो आणि "याला भेंडी आवडत नाही" असा शिक्का मारून मोकळे होतो. तो शिक्का मुलाच्या कानावर पडला की तोही तेच म्हणायला लागतो.

स्वयंपाकघराच्या दारावर एक कॅलेंडर लावा. ज्या दिवशी जी भाजी वाढली ती त्या चौकटीत लिहा, बस. कोणी किती खाल्ली याची नोंद ठेवायची गरज नाही. कॅलेंडरचा उपयोग एवढाच की महिनाअखेरीला दिसतं, आलू बाराव्यांदा आला आणि दोडकं एकदाच. आलू, टमाटर आणि फुलकोबी यांच्या फेऱ्यात सगळेच अडकतात.

हात लावला, वास घेतला, जिभेला लावून थुंकली, हे सगळं पुढे जाणं आहे. थुंकायला प्रत्येकाजवळ छोटी वाटी ठेवा. बाहेर काढता येईल याची खात्री असली की मुलं आत घालायला कमी घाबरतात. नव्या तायांना हे किळसवाणं वाटतं, सवय होते.

ताटाशी बसल्यावर तुमचं वागणं

स्वतः बसा. तेच ताट, तीच भाजी, मुलांच्या उंचीवर, सतरंजीवर. मुलं जेवताना उभं राहून पहारा देणारी मावशी आणि शेजारी बसून दोडकं खाणारी मावशी, यांत मुलाला काय शिकायला मिळतं त्यात जमीन-अस्मानाचं अंतर आहे. तुम्हाला स्वतःला दोडकं आवडत नसेल तर तोंड वाकडं करू नका. त्या दिवशी दुसऱ्या ताईला बसवा.

न खाणाऱ्या मुलाच्या दोन्ही बाजूंना खाणारी मुलं बसवा. पाळणाघराची ही ताकद घराकडे नाही. घरी एकट्या लेकराला आई-बाबा-आजी मिळून विनवतात, इथं शेजारचा पोट्टा मटार मटामट खाऊन रिकामी वाटी पुढे करतो. तीन-चार वर्षांच्या मुलांवर आपल्या भाषणापेक्षा शेजारच्या मुलाचा परिणाम जास्त होतो. म्हणूनच वर म्हटलं की सगळ्यांच्या ताटात एकच भाजी हवी.

बोलायचं काय? भाजीबद्दल बोला, खाण्याबद्दल नको. "आज काकडी कुरकुरीत आहे", "बघ बिटानं माझी जीभ लाल झाली", "या वालाच्या शेंगेत किती दाणे?" एवढं पुरे. "खा ना रे राजा", "एवढंच संपव", "बघ ती खाते, तू नाही खात", "नाही खाल्लं तर आई घ्यायला येणार नाही" यातलं काहीही नको. शेवटचं वाक्य तर कोणत्याच कारणानं मुलाला म्हणू नये.

आणि लालूच. "भाजी संपव, मग चॉकलेट देते." हे लगेच काम करतं, म्हणूनच धोक्याचं आहे. मूल यातून हिशेब शिकतं की भाजी ही शिक्षा आणि चॉकलेट ही मजुरी. नुसती चव घेतल्याबद्दल हातावर एखादा चांदणीचा शिक्का मारला तर चालतो, तोही सुरुवातीचे काही दिवस. गोड पदार्थ बक्षीस म्हणून नको.

चिऊचा घास, काऊचा घास हे वर्षा-दीड वर्षाच्या बाळासाठी ठीक. दोन वर्षांनंतर मुलाला स्वतःच्या हातानं खाऊ द्या. सांडेल, केसात वरण जाईल, सतरंजी रोज धुवावी लागेल. भरवलं की काम लवकर आटोपतं हे खरं, आणि दहा मुलं नि दोन बाया असल्या की भरवण्याचा मोह होतोच. पण भरवणारा हात बहुतेकदा मुलाचं पोट भरल्यावरही थांबत नाही. वीस-पंचवीस मिनिटं झाली की ताट शांतपणे उचला, काहीही न बोलता. पुढचं खाणं दोन-अडीच तासांनी आहेच.

लपवायची की दाखवायची

पराठ्यात पालक, कटलेटमध्ये बीट, धिरड्यात किसलेली लौकी. हे वाईट नाही. पोटात चार गोष्टी जातात. पण पराठ्यातला पालक खाऊन मुलाला पालक कळत नाही, त्याला पराठा कळतो. म्हणून माझं म्हणणं असं की लपवा खुशाल, पण त्याच ताटात ती भाजी उघडीही ठेवा. बिटाच्या कटलेटशेजारी बिटाची एक फोड. आणि मुलानं विचारलं "यात काय आहे?" तर खरं सांगा. एकदा फसवलं गेलं की पुढचे कित्येक दिवस मूल पराठाही उलगडून तपासतं.

तिखटाचं काय

नागपूरच्या घरांत तिखट सढळ हातानं पडतं. आई सांगते, "आमचा सगळं खातो, सावजीसुद्धा." खात असेलही. पाळणाघरात सगळ्यांसाठी एकच पातेलं शिजतं, म्हणून भाजी शिजली की आधी मुलांचा वाटा वेगळा काढा, मग मोठ्यांच्या भाजीत तिखट घाला. पण बेचव उकडलेलंही देऊ नका. लसूण, जिरं, हिंग, भरपूर सांभार (म्हणजे कोथिंबीर), थोडं दाण्याचं कूट, लिंबू यांनी भाजी चविष्ट होते. एक वर्षाच्या आतल्या बाळाच्या वाट्यात मीठ आणि साखरही नको, आणि मध तर मुळीच नाही.

हात घालू द्या

ज्या भाजीला मुलानं आधी हात लावलाय ती ताटात आली की ओळखीची वाटते. मटार सोलणं तीन वर्षांच्या मुलालाही जमतं. सोललेल्यांतले अर्धे तिथंच संपतात (लहानांसाठी दाणे थोडे दाबून) आणि तेच तर हवंय. मेथी निवडणं, फुलकोबीचे तुरे हातानं मोडणं, काकडीच्या चकत्यांना टूथपिकशिवाय नुसतं रचून घर बनवणं. सुरी आणि किसणी मुलांपासून लांब.

बाजारात न्यायचं असेल तर दोन-तीन मुलांनाच न्या आणि गर्दीची वेळ टाळा. गोकुळपेठ, सक्करदऱ्याचा बुधवार बाजार, सदरची मंगळवारी, जे जवळ असेल ते. कॉटन मार्केट किंवा कळमन्याला लहान मुलांना नेऊ नका. तिथं ठोक व्यवहाराची घाई आणि हमालांची ये-जा असते. बाजार जमत नसेल तर गाडीवाल्याला दारात थांबवा. प्रत्येक मुलानं एक भाजी निवडायची आणि ती त्या दिवशी शिजवायची. कोणीतरी कारलं निवडेल. तर कारलं शिजवा.

लावायचं असेल तर मेथी लावा. रंगाच्या जुन्या डब्याला तळाशी भोकं पाडा (डबा आतून स्वच्छ असावा, नाहीतर फळांच्या पेटीत माती भरा), घरातलेच मेथीदाणे रात्रभर भिजवून पेरा. तीन-चार दिवसांत कोंब दिसतात आणि तीन-चार आठवड्यांत कापता येते. मुलांची चिकाटी तेवढीच असते. सांभाराचे धणे उगवायला जास्त दिवस घेतात, तोवर मुलं विसरून जातात. हे सगळं ऑक्टोबर ते फेब्रुवारीत. एप्रिल-मेच्या उन्हात, पारा ४५ च्या आसपास असताना, गच्चीवरचं कोवळं रोप टिकत नाही आणि मुलांना गच्चीवर न्यायचंही नाही.

ऋतू बघून

नवी ताई डिसेंबरात कामाला लागली तर ती नशीबवान. पालक, मेथी, गाजर, मटार, वालाच्या शेंगा, तुरीचे ओले दाणे, सगळं स्वस्त आणि कोवळं. नव्या भाज्यांच्या ओळखी याच दिवसांत उरकून घ्या. संक्रांतीच्या सुमारास बोरनहाण होतं, तेव्हा बोरं, उसाचे करवे, हरभरे मुलांवरून ओवाळून पडतात आणि ती वेचून तोंडात घालतात. चार वर्षांखालच्यांच्या हातून बोरं आणि हरभरे लगेच काढून घ्या.

उन्हाळ्यात काकडी, ढेमसं, लौकी, कोहळं, चिवळीची पालेभाजी. उष्म्यात मुलांची भूकच मंदावते, तेव्हा भाजी पातळ करा, ताकासोबत द्या आणि कमी खाल्लं म्हणून काळजी करू नका. शिजवलेली भाजी दोन तासांपेक्षा जास्त बाहेर ठेवू नका. मे महिन्यात तर एका तासातच संपवा नाहीतर फ्रीजमध्ये टाका. पावसाळ्यात पालेभाजी तीन-चार पाण्यांतून धुवा, फुलकोबीचे तुरे कोमट मिठाच्या पाण्यात थोडा वेळ ठेवा, आणि कच्चं काही द्यायचं ते सोलून.

घशात अडकू नये म्हणून

चार वर्षांखालच्या मुलांना कच्च्या गाजराचे तुकडे, अख्खे शेंगदाणे, अख्खे हरभरे, अख्खी द्राक्षं देऊ नयेत. गाजर किसून किंवा बोटांत चिरडेल इतकं वाफवून. अख्खे मटार लहानांसाठी थोडे दाबून. पळताना, हसताना, झोपून खाणं नाही.

ओकारीसारखं करणं आणि अडकणं यांत फरक आहे. मूल आवाज करत खोकत असेल, डोळ्यांत पाणी येत असेल तर त्याला खोकू द्या, तोंडात बोट घालू नका. आवाजच बंद झाला, श्वास घेता येत नाही, ओठ निळसर दिसले तर अडकलंय. वर्षावरच्या मुलाला पुढे वाकवून दोन्ही खांद्यांच्या मधोमध तळहाताच्या टाचेनं पाच जोरदार थापा, मग बेंबीच्या वर पाच वेळा आत-वर दाब, आलटून पालटून. वर्षाखालच्या बाळाच्या पोटावर दाब द्यायचा नाही. हातावर पालथं घेऊन, डोकं खाली ठेवून पाठीवर पाच थापा आणि मग उताणं करून छातीवर पाच दाब. त्याच वेळी दुसऱ्या ताईनं १०८ लावायचा. हे वाचून येत नाही, एखाद्या डॉक्टरांकडून किंवा प्रथमोपचाराच्या वर्गात प्रत्यक्ष शिकून घ्या, आणि ते शिकेपर्यंत मुलांच्या जेवणाच्या वेळी एकटीनं राहू नका.

संध्याकाळी आई घ्यायला आली की

ती विचारणार, "भाजी खाल्ली का?" उत्तरात "आज दोडकं होतं, त्यानं हातात घेऊन पाहिलं" असं सांगा. "नाही खाल्ली" असं मुलासमोर म्हणालात की घरी पोचेपर्यंत रस्त्यात त्याला बोलणी बसतात. आठवड्याचा भाजीचा बेत दारावर किंवा व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर टाका आणि जमेल त्यांनी तीच भाजी त्या आठवड्यात घरी एकदा करावी असं सुचवा. मुलाचं घरी आणि इथं वेगवेगळं वागणं सर्रास असतं. इथं पालक खाणारं मूल घरी आजीपुढे नाटक करतं, त्यात आजीची चूक नाही.

काही मुलांसाठी मात्र हे सगळं पुरेसं नसतं. वजन वाढत नाही किंवा उतरतंय, मोजून पाच-सहाच पदार्थ खातं आणि त्यातलेही कमी होत चाललेत, मऊ पदार्थ गिळतानाही रोज ओकारी येते, शौचाला खडा होऊन रडतं, चेहरा फिका दिसतो, असं काही दिसलं तर पालकांना बाजूला घेऊन बालरोगतज्ज्ञांकडे जायला सांगा. वजनाची नोंद नसेल तर जवळच्या अंगणवाडीत वजन-उंची मोजून मिळते. अशा मुलाच्या ताटावर तोवर कोणताही नवा प्रयोग करू नका.